कोल्हापूरकरांचा सह्याद्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरगावचा पाहुणा घरी आला की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सगळं आटोपल्यावर त्याला डोंगराची आठवण होते. मग प्रश्न सुरू होतात. गेली बरीच वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय आणि तीच ती उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रम लावलेला नाही, विचारतील तसे घेतलेत.

कोल्हापूर सह्याद्रीत आहे म्हणता, मग शहरातून तो दिसत का नाही?

कारण तुम्ही त्याच्या पाठीवर उभे आहात. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीवरचा सह्याद्रीचा माथा ढोबळमानाने 600 ते 1000 मीटरमधला. म्हणजे रंकाळ्यावरनं निघून गगनबावड्याला पोचेपर्यंत तुम्ही फार काही चढतच नाही. उसाची शेतं संपतात, भातखाचरं लागतात, हवा गार होते, आणि अचानक रस्ता संपल्यासारखा वाटतो. समोर जमीनच नसते. खाली कोकण.

हाच डोंगर खालनं, वैभववाडीतनं बघा. आभाळाला टेकलेली काळी भिंत दिसते. कोकणातल्या माणसाला सह्याद्री हा डोंगर आहे, आपल्याला तो कडा आहे. आपण 'घाटावरचे' आणि ते 'घाटाखालचे' ही भाषा उगाच नाही आली. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

मग पन्हाळा आणि जोतिबा कशात धरायचे?

फाट्यांत. मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यातनं पूर्वेकडे हाताच्या बोटांसारखे फाटे फुटतात. पन्हाळा, पावनगड, मसाई पठार, जोतिबाचा डोंगर हे त्यातल्या एका बोटावर आहेत. दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात एकेक नदी. शहरातून पन्हाळा डोळ्यांत भरतो तो म्हणूनच. मुख्य रांगेपेक्षा तो आपल्या किती तरी जवळ आहे. शाळेत असताना आम्ही त्यालाच सह्याद्री समजायचो, आणि तसं अगदीच चुकीचंही नव्हतं.

सह्याद्री नेमका कुठून कुठपर्यंत?

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे 1600 किलोमीटर. मध्ये केरळात पालघाटची एक मोठी खिंड सोडली तर सलग. सगळ्यात उंच शिखर अनाईमुडी, 2695 मीटर, तेही केरळात. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कळसूबाई, 1646 मीटर. कोल्हापूर जिल्ह्यात अशी नाव काढण्यासारखी शिखरं नाहीत, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आपल्या वाट्याला उत्तरेकडं वारणेच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडं तिलारीपर्यंतचा तुकडा येतो. तालुके सांगायचे तर शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड.

हा डोंगर तयार कसा झाला?

हिमालयासारखा वळ्या पडून वर आलेला हा डोंगर नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा. आज उरलेला हा लाव्हाचा पसारा 5 लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात: एक उभा कातळ, मग थोडा उतार, मग परत कातळ. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा लालसर पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली, त्याची ती खूण. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला हाच बेसॉल्ट निवताना तडकून त्याचे षटकोनी खांब झालेत. रचून ठेवल्यासारखे उभे आहेत.

आता कडा. पश्चिमेकडची जमीन फाटून बाजूला गेली, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला, आणि आपला पश्चिम किनारा उघडा पडला. तिथं पडणारा पाऊस आखूड, तीव्र उताराच्या ओढ्यांनी थेट समुद्राकडे धावतो. हे ओढे पायथ्यापासून डोंगर खातात. कोट्यवधी वर्षं खात खात त्यांनी कडा पूर्वेकडं मागं सारत आणलाय. कोकण म्हणजे सह्याद्रीनं सोडलेली जागा. दर पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आपण प्रशासनाला शिव्या घालतो, पण हे काम त्याच्या फार आधीपासून चालू आहे. (शिव्या घालूच नयेत असं म्हणत नाही. गटार न काढता डोंगर उभा कापला तर दरडीला निमंत्रणच.)

डोंगरमाथ्यावरचा लाल, भोकाभोकांचा दगड कुठला?

तो जांभा. काळ्या बेसॉल्टवर लाखो वर्षं धो-धो पाऊस आणि कडक ऊन आळीपाळीने पडलं की सिलिका वाहून जाते आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं. त्याची डोंगरावर टोपी तयार होते. टोपी कठीण असल्यामुळे माथा सपाट राहतो, त्यालाच आपल्याकडे 'सडा' म्हणतात. मसाई पठार बघितलंय ना? तेच. घरं बांधायला जांभ्याचे चिरे काढतात. खाणीत ओला असताना तो कापायला मऊ असतो, वाऱ्यावर वाळला की टणक होतो.

मे महिन्यात सड्यावर गेलात तर तवा तापल्यासारखा वाटेल, गवताचं पातंही दिसणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जा. बोटभर मातीत सीतेची आसवे, गेंद, तेरडा असं रान फुललेलं असतं. त्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून काही झाडांनी किडे खायची सोय केलीय. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब त्यासाठीच असतात. फक्त फुलांत बसून फोटो काढू नका. बोटभर माती म्हटलं ते शब्दशः खरं आहे. एकदा निघाली की गेली.

चंदगड-आजऱ्याकडे दगड वेगळा का दिसतो?

चांगली नजर आहे तुमची. दख्खनच्या लाव्हाची चादर दक्षिणेकडं पातळ होत जाते. भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागांत ती जागोजाग फाटलीय आणि खालचे फार जुने वालुकाश्म, गारगोटीसारखे कठीण दगड वर डोकावतात. भूशास्त्रात त्यांना कलादगी म्हणतात, कर्नाटकातल्या कलादगीवरून.

समुद्र एवढा जवळ असून पंचगंगा उलटी, पूर्वेकडे का जाते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. गगनबावड्याच्या कड्यावरून समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. पण तिथंच पडलेला थेंब कड्याच्या आत पडला तर कुंभीत जातो, कुंभीतनं पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र पालथे घालून बंगालच्या उपसागराला मिळतो. वीतभर पलीकडं पडला असता तर दोन दिवसांत अरबी समुद्रात पोचला असता.

कारण पुन्हा तेच: आपण पाठीवर आहोत आणि पाठीचा उतार पूर्वेकडं आहे. उंच काठ पश्चिमेला, बाकी सगळं ताट हळूहळू पूर्वेला कललेलं.

पंचगंगेच्या पाच नद्या म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. संगम प्रयाग चिखलीला. कासारी विशाळगड-गजापूरच्या बाजूनं येते, भोगावती दाजीपूरच्या जंगलातनं. त्याच्या दक्षिणेला दूधगंगा आणि वेदगंगा एकत्र होऊन कृष्णेला मिळतात. हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णी घटप्रभेच्या वाटेनं कृष्णेत जातात. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीला, म्हणजे सिंधुदुर्गात, पण पाणी आजरा-गडहिंग्लजला. तिच्या उगमाच्या कुंडात एक नवी माशाची जात सापडली. 2020 मध्ये तिचं नाव नदीवरूनच ठेवलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली.

शिस्त मोडणारी एकच नदी, तिलारी. चंदगडच्या माथ्यावर उगम पावते आणि कड्यावरनं पश्चिमेला उडी घेऊन गोव्याकडं जाते.

एकाच जिल्ह्यात एवढा वेगवेगळा पाऊस कसा?

अरबी समुद्रावरनं आलेले ढग कड्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात साधारण 1000. अजून पूर्वेला शिरोळात सहाशेच्या आतबाहेर. एकाच एसटीच्या पल्ल्यात नाचणी-भाताचा मुलूख संपून उसाचा लागतो.

गंमत, खरं तर गंमत नव्हे, अशी की पुराचा सगळ्यात जास्त मार त्याच कमी पावसाच्या शिरोळला बसतो. पाणी वर पडतं, साठतं खाली. 2005, 2019, 2021 ही तिन्ही वर्षं कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर होतं. म्हणून पावसाळ्यात कोल्हापूरकर आपल्या अंगणातला पाऊस बघत नाही. तो विचारतो, "गगनबावड्याला किती झाला? राधानगरीचे दरवाजे उघडले का?"

राधानगरीच्या त्या दरवाजांचं काय प्रकरण आहे?

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला गेलं की पाण्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. बटण दाबायला माणूस लागत नाही. धरणाचा विचार राजर्षी शाहू महाराजांचा. 1907-08 च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अडलं आणि पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. गावाचं नाव त्यांनी आपल्या कन्येवरून, राधाबाई आक्कासाहेबांवरून ठेवलं. कड्यावरचा पाऊस आठ महिने पुरवायचा तर फाट्यांच्या बेचक्यात भिंत घालावी लागते, हे त्यांनी ओळखलं. नंतर तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव, कासारी, कुंभी ही धरणं झाली ती त्याच हिशोबानं. आणि खाली नद्यांवर फळ्या घालून पाणी अडवायची पद्धत इतकी रुजली की देशभर तिला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात.

कोकणात उतरायचे घाट कोणते?

उत्तरेकडनं दक्षिणेकडे: आंबा घाट (रत्नागिरीला), अणुस्कुरा (राजापूरला), गगनबावड्याहून भुईबावडा आणि करूळ असे दोन, राधानगरी-दाजीपूरहून फोंडा, आजऱ्याहून आंबोली, चंदगडहून तिलारी. हे गाडीचे. पायवाटा, नाळा वेगळ्या. त्या गुराख्यांना आणि धनगरवाड्यांना विचाराव्यात.

या वाटा गाडीरस्त्यांहून फार जुन्या आहेत. पटत नसेल तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी, सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, दोनेक हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरात! तो जहाजानं कोकणच्या एखाद्या बंदरात उतरला असणार आणि बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवर बसून कुठला तरी घाट चढला असणार. मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसूल वर यायचं. गूळ, धान्य, मिरची खाली जायची. देवाणघेवाण अजून तीच आहे, बैलाच्या जागी टेम्पो आला एवढंच.

रेल्वे का नाही खाली?

कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा आमच्या लहानपणापासून ऐकतोय. कड्याची उंची आणि बोगद्यांचा खर्च ही खरी अडचण. निवडणूक आली की मार्ग जवळ येतो.

या भागात एवढे किल्ले कशासाठी?

घाट ज्याच्या हातात, जकात आणि वाट त्याच्या हातात. म्हणून प्रत्येक घाटाच्या डोक्यावर एक पहारेकरी बसवला: गगनबावड्याला गगनगड, दाजीपूरला शिवगड, पाटगावमागे रांगणा, चंदगडच्या टोकाला पारगड. पन्हाळा हा फाट्यावरचा, राजधानी करण्याजोगा ऐसपैस. बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा दुसरा भोज यानं तो बांधता केला. यादवांच्या सिंघणानं पुढं त्याचं राज्य संपवलं.

पण डोंगराचं खरं बळ समजून घ्यायचं तर विशाळगड बघा. जुनं नाव खेळणा. 1453 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार तो घ्यायला निघाला. हरलेल्या शिर्क्यांनी वाट दाखवायचं कबूल केलं आणि सबंध फौज अशा रानात नेऊन घातली की मागं वळता येईना. रात्री खेळण्याच्या राजाची माणसं आली आणि मलिकासकट फौज कापून निघाली. पुढं बहमनी वजीर महमूद गावाननं 1470 च्या आसपास हाच गड घेतला खरा, पण घाई न करता. पावसाळ्यात त्यानं चक्क कोल्हापुरात छावणी टाकली. मागच्याचं बघून शहाणा झाला होता.

औरंगजेबाला मात्र हा शहाणपणा जमला नाही. 1702 च्या जूनमध्ये विशाळगड त्याच्या ताब्यात आला, तोही परशुरामपंत प्रतिनिधींशी वाटाघाटी होऊन. आणि मग पाऊस लागला. गडापासून पन्हाळ्यापर्यंत परतायला बादशाही लष्कराला महिन्याहून जास्त लागला. ओढ्यांत हत्ती, उंट, सामान वाहून गेलं. तोच रस्ता आज गाडीनं दोन तासांत होतो. शत्रूला गड दिला, पण गडाचा पाऊस कुणी देऊ करत नाही, असं आमचे एक काका म्हणायचे.

पन्हाळा ते विशाळगड वाटेचा इतिहास थोडक्यात?

थोडक्यात सांगण्यासारखा नाही, तरी प्रयत्न करतो. मार्च 1660 पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला घाट चढून आले. जुलैच्या भर पावसात शिवाजी महाराज रात्री गडाबाहेर पडले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसून पकडले गेले आणि त्यांनी प्राण दिला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग रोखून धरला. तिकडं विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होता, तो फोडून महाराज आत गेले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैदेत टाकलं. घाट दोन्ही बाजूंनी चालतो हे त्यांना तेव्हा कळलं असावं. पन्हाळा परत मिळाला तो 1673 मध्ये, कोंडाजी फर्जंदानं साठ मावळ्यांनिशी.

दर जुलैला हजारो लोक ही वाट चालतात. दोन दिवस लागतात. मसाई पठारावरच्या धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मी स्वतः एकदा तासभर गोल फिरून त्याच दगडापाशी आलोय. चिखल, जळवा, निसरडे ओढे हे सगळं धरून चाला. आणि चालताना हे लक्षात ठेवा की ती माणसं हे रात्री, खांद्यावर पालखी घेऊन चालली होती.

इंग्रजांच्या काळात किल्ल्यांचं काय झालं?

1844 मध्ये सामानगडावर गडकऱ्यांनी उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्यांची गडाची चाकरी आणि वतनं जाणार म्हणून. तो भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरला. इंग्रजांनी तो मोडला आणि मग तटबंद्याही पाडल्या. आज पन्हाळ्याच्या चार दरवाजाच्या जागी गेलात आणि "दरवाजा कुठाय?" असं वाटलं तर त्याचं उत्तर हे.

पन्हाळा 'युनेस्को'त आहे की राधानगरी?

दोन्ही, पण वेगवेगळ्या यादीत. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं नैसर्गिक वारसा म्हणून घेतली. त्यांत महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले सांस्कृतिक वारसा म्हणून आले, त्यात पन्हाळा.

गवा दिसेल का? वाघ?

दाजीपूरला गवा दिसायची शक्यता चांगली, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, सड्यांवरच्या गवतात. एके काळचं हे संस्थानी शिकारीचं रान 1958 मध्ये अभयारण्य झालं. वाघाचं म्हणाल तर उत्तरेकडं चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 पासून आहे, आणि राधानगरीचं जंगल म्हणजे तिथून दक्षिणेकडं कर्नाटक-गोव्याच्या रानात जायचा त्यांचा बोळ. बोळ मध्येच तुटला तर दोन्हीकडची जंगलं बेटं होतात. चंदगड-आजऱ्याकडं गेल्या वीसेक वर्षांत कर्नाटकातनं हत्तीही येऊ लागलेत. उभा ऊस आणि केळी त्यांना आवडते, शेतकऱ्याला ते हत्ती आवडावेत अशी अपेक्षा शहरात बसून करू नये.

बॉक्साइटच्या खाणींवरून वाद का होतो?

जांभ्याच्या टोपीतच बॉक्साइट असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. ते काढायचं म्हणजे टोपी काढायची. पण तीच टोपी स्पंजासारखी पाणी पिते आणि दिवाळीनंतरही खालच्या वाड्यावस्त्यांचे झरे वाहते ठेवते. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागांत हा झगडा जुना आहे. पश्चिम घाट कसा जपायचा यावर माधव गाडगीळ समितीचा 2011 चा आणि कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा, असे दोन अहवाल आले. कुठलं गाव संवेदनशील यादीत घ्यायचं यावरून अजून ओढाताण चालते. माझं मत विचाराल तर खाण भरून वर झाडं लावता येतात, झरा लावता येत नाही. पण खाणीवर पोट असलेल्या गावात हे वाक्य टाकून निघून येणं सोपं आहे, तेही कबूल करतो.

एकच दिवस आहे. कुठं जाऊ?

गगनबावडा. सकाळी सहाला निघा. वाटेत पळसंब्याला उतरा, ओढ्याकाठी अखंड दगडात कोरलेली छोटी मंदिरं आहेत. मग गगनगड. गगनगिरी महाराजांच्या मठावरून वर गेलात की कोकण पायाखाली. जून ते सप्टेंबर गेलात तर ढगाखेरीज काही दिसणार नाही असं धरून चाला, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. घाट उतरायचा असेल तर दरडीमुळं रस्ता बंद नाही ना ते आदल्या दिवशी विचारून घ्या. जेवणाचा डबा घरनंच बांधून न्या, आणि तो कड्यावर उघडताना झाकण घट्ट धरा. वारा खालनं वर येतो.